बिनदोऱ्याची टीप

हवासाच्या तळ्यापासून थोडं आत, शर्टांच्या कारखान्यात
माझ्या टेबलावर एक लाकडी फळी आहे:
पन्नास भोकं, पन्नास खुंट्या, शेजारी घड्याळ.
मुली येतात, चपलांना अजून गावाकडची लाल माती.
मी म्हणते, बस. बोटं दाखव. कर सुरू.
दीड मिनिटात भोकं भरली तर शिलाई,
नाहीतर इस्त्री,
नाहीतर लोंबते दोरे कातरणं.
एवढ्यात एकेकीची वाट ठरते
आणि मला पाणी प्यायला उसंत नसते.

बुर्तुकानला एकाहत्तर सेकंद लागले.
नावाचा अर्थ संत्रं. विचारलं, आधी काय करायचीस?
म्हणाली, एन्सेतचा गर खरवडायचे.
मग फळीकडे बघत: हे सोपंय.

पहिला आठवडा आम्ही दोरा देत नाही.
कागद देतो. त्यावर छापील रेघा, आधी सरळ,
मग नागमोडी, मग गोगलगाईच्या पाठीसारखी
आत आत जाणारी.
रिकामी सुई धावते, टकटक, टकटक,
काही शिवलं जात नाही.
झालं की कागद खिडकीशी धरायचा.
भोकांतून उजेड आला की कळतं
कुठे हात थरथरला, कुठे घर आठवलं.
मी लाल पेनाने थरथर मोजते.
आठवणीला रकाना नाही.

तिसऱ्या महिन्यात तिचा फोटो फलकावर लागला,
सातव्या ओळीची तारका. बक्षीस एक छत्री.
शिवाय महिनाभर खाडा नसेल तर पगारावर थोडे वर.
जयतिस्स साहेब कोलंबोहून आलेले, भला माणूस,
सगळ्यांची नावं पाठ करतात आणि सगळी चुकवतात.
म्हणतात, येशी, कौतुक म्हणजे तेल,
ते वेळच्या वेळी घालावं.
मी मान हलवते.

पाचव्या महिन्यात ती गेली.

जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे फॉर्म आहे:
पगार, लग्न, आजारपण, खोलीचं भाडं, इतर.
साहेबांना महिनाअखेर त्याचा आलेख लागतो,
इंजेरासारखा गोल, रंगीत तुकड्यांत कापलेला.
तिने 'इतर'वर खूण केली,
आणि तळाशी जिथे 'टीप' असं छापलंय
तिथे जपून, एकेक अक्षर बसवत लिहिलं:
कॉफीचा तिसरा कप.

मला अर्थ विचारावा लागला नाही.
बिया भाजायच्या, धूर प्रत्येकीच्या नाकाशी न्यायचा,
कुटायच्या, उकळायच्या. पहिला कप अबोल,
दुसरा तोना, आणि तिसरा बराका,
उरल्या चोथ्यावरचा, फिक्का, आशीर्वादाचा.
खरं बोलणं तेव्हा कुठे सुरू होतं.
कुणाचं कुठे दुखतंय ते तिसऱ्या कपाला कळतं.
आमची जेवणाची सुट्टी अर्धा तास.
थर्मासमधून एक कप, तोही उभ्याने.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला,
बराच वेळ गप्प राहिले, वहीत लिहून घेतलं.
पुढच्या शुक्रवारपासून कॉफी सुरू झाली,
खाली ताजं गवत, काळं मडकं, लोबान,
तीन कप,
एकूण अकरा मिनिटं.
हजेरी चार टक्क्यांनी वाढली.
मला छत्री मिळाली.

काल ड्रॉवर आवरताना तिचा कागद हाती लागला,
गोगलगाईचा. खिडकीशी धरला.
भोकांची रांग वळत वळत आत जाते,
कुठे तसूभर ढळलेली नाही,
आणि मध्याला पोचायला बोटभर उरलं असताना
थांबलीय.
माझ्याच अक्षरात खाली शेरा: अपूर्ण. दोन गुण वजा.

दाराबाहेर नव्या मुलींची रांग.
पहिली आत आली, टोकावर बसली,
बोटं न सांगताच पुढे केली.
घड्याळाकडे बघत म्हणाली, हे कधी सुरू होतं?

म्हटलं, झालंय.